टेप कुठून धरायची

फरशीच्या धंद्यात भांडणं रंगावरून कमी होतात, मापावरून जास्त. तुटका कोपरा मोजायचा की सोडायचा, पायरीचं नाक मापात धरायचं की नाही, जिन्याखालच्या तिरक्या तुकड्याचे पैसे अख्ख्या लादीचे लावायचे की निम्म्या, ह्यावरून भली भली माणसं हातघाईवर आलेली मी पाहिली आहेत. इंदूरला साऊथ तुकोगंजात राहून मी सगळी उमर ह्याच धंद्यात काढली. नाथ मंदिराच्या आसपासचे ऐसपैस जुने बंगले पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जिन्यांवरून लोक आज माझ्या हातून गेलेल्या दगडावर पाय देऊन चढतात-उतरतात.

ह्या धंद्यानं पोट भरलं आणि वर एक नाद लावला. नाद असा की दगडात सापडणाऱ्या माकुळांच्या खापरपणज्यांच्या मागे लागायचं. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात तो स्क्विड, शिवाय कटलफिश आणि ऑक्टोपस, ही सगळी एका घराण्यातली मंडळी. आज त्यांचं अंग मऊ आणि उघडं असतं. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी ह्यांचे पूर्वज आणि चुलते शंख वागवत. कुणाचा शंख सरळ निमुळता, कुणाचा गोल गुंडाळलेला. गुंडाळलेल्यांतल्या प्रसिद्ध घराण्याला अॅमोनाइट म्हणतात. शंख आतून पडदे घालून कप्प्याकप्प्यांचा केलेला, जनावर फक्त तोंडाकडच्या शेवटच्या मोठ्या कप्प्यात राहायचं, मागचे कप्पे हवेचे. सगळ्या कप्प्यांतून एक बारीक नळी गेलेली. तरंगायचं की बुडायचं, ते ह्या कप्प्यांतल्या पाण्याच्या नि हवेच्या हिशोबावर.

अशी जनावरं दगडात दाखवली की समोरचा माणूस, मग तो बिल्डर असो, शाळकरी पोर असो की हमाल, एकच प्रश्न विचारतो: "किती मोठा असेल हा?" ह्या एका प्रश्नाचं खरं उत्तर कसं द्यायचं, हे शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली.

मी धंद्याला लागलो तेव्हा इंदुरात प्रामुख्यानं कोटा चालायचा, ऐपतवाल्यांकडे मकराणा, आणि पाया नि कुंपणाला गावाच्या पोटातला काळा दगड. ह्यांतल्या एकातही शंख-शिंपलं दिसणं शक्य नाही. कोटा स्टोन विंध्य काळातला, कवचाची जनावरं जगात यायच्या आधीचा. मकराणा उष्णतेनं नि दाबानं इतका बदललेला की त्यात काही असलंच तरी ओळखीचं उरलं नसतं. काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. म्हणजे दिवसभर दगड बघूनही दगडात कधी कोणी राहत होतं हे डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

मग बाहेरचा माल यायला लागला. एका मोठ्या घराचं काम चालू होतं. आर्किटेक्टनं स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी मोरोक्कोचा काळा पॉलिशचा दगड निवडला होता. स्लॅब गोडाऊनमध्ये उतरवल्या, धूळ जावी म्हणून पाणी मारलं, तर काळ्याभोर दगडात पांढरे निमुळते आकार उठून दिसायला लागले. मिस्त्री कुक्षीकडचा होता. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "सेठ, इसमें तो हड्डी है." ही बातमी माझ्याआधी घराच्या मालकीणबाईंपर्यंत पोचली. घर कडक शाकाहारी. कांदाही न चालणारं. मी जाऊन समजावलं की हाड नाही, शंख आहे, आणि तोही ३५ ते ४० कोटी वर्षांपूर्वीचा, आता त्यात दगडाशिवाय काही नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर जीव तो था ना?" था, हे मला कबूलच करावं लागलं. ती स्लॅब मग साहेबांच्या ऑफिसच्या टेबलावर गेली आणि ओट्याला साधा ग्रॅनाइट लागला. आपण वर्षानुवर्षं दगडाला नुसता माल समजत होतो आणि ह्या बाईंनी पहिल्या भेटीत नेमका प्रश्न विचारला, हे मला त्या दिवशी लागून राहिलं.

त्या स्लॅबचा उरलेला तुकडा गोडाऊनच्या दारात पडून होता. आमच्याच भागात राहणारे एक भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक बाथरूमसाठी कोटा बघायला आले होते. ते कोटा विसरले आणि त्या तुकड्यापाशी उकिडवे बसले. खिशातून भिंग काढलं. एका पांढऱ्या आकाराच्या आत बाकदार रेघा होत्या, ठरावीक अंतरावर, एकामागून एक. त्यांनी मला त्यावरून नख फिरवायला लावलं. ते कप्प्यांचे पडदे. मधून एक बारीक रेघ गेली होती, ती नळी. मी माझ्या सवयीनं कमरेची टेप काढली आणि टोकापासून टोकापर्यंत लावली. सर म्हणाले, "थांब. टेप कुठून धरायची, ते आधी ठरव."

मग त्यांनी जे सांगितलं ते दगड कापणाऱ्या माणसाला लगेच पटण्यासारखं होतं. शंख दगडात कसाही आडवातिडवा पडलेला असतो. करवत त्याच्यातून कुठल्या कोनात गेली हे करवतीला माहीत नसतं. शंखाच्या मधोमध लांबीनं गेली तर खरी लांबी दिसते. तिरकी गेली तर तोच शंख आखूड आणि फुगीर दिसतो. आडवी गेली तर नुसता गोल. एकाच स्लॅबवर पाच वेगळे आकार दिसले म्हणून पाच वेगळी जनावरं होत नाहीत. मधली नळी सलग दिसत असेल तरच काप मधून गेलाय असं धरायचं, आणि टेप तिथेच लावायची.

आणि बहुतेक वेळा हातात अख्खा शंख नसतोच, असतो मधला तुकडा. त्यावरून पुरी लांबी काढायची तर त्रैराशिक करावं लागतं. समजा तुकडा १० इंच लांब आहे, रुंद टोकाला ४ इंच, अरुंद टोकाला ३. म्हणजे दर १० इंचांना १ इंच निमुळता होतो. ह्या हिशोबानं रुंद टोकापासून अणीपर्यंत ४० इंच भरतील. हे झालं सोपं गणित. पण सरांनी मला तेच गणित अरुंद टोक सव्वातीन इंच धरून पुन्हा करायला लावलं. उत्तर आलं ५३ इंच. पाव इंचानं लांबीत १३ इंच वाढले! शिवाय जनावर राहायचा तो पुढचा कप्पा, जो सगळ्यांत आधी फुटतो, तो ह्यात नाहीच. त्याच्या पुढचे हात-पाय तर मुळात टिकतच नाहीत. "मग सांगायचं काय?" मी विचारलं. त्यांनी माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'मोजलेलं', उजवीकडे 'काढलेलं'. दोन्ही सांगायचं, पण एकात दुसरं मिसळायचं नाही. मी पुढे तशी वहीच घातली.

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. खरं आहे. पण शितावरून भात शिजलाय की कच्चा एवढंच कळतं, पातेलं केवढं होतं ते कळत नाही. ह्या जनावरांच्या बाबतीत लोकांना नेमकं पातेलंच हवं असतं.

नाद लागला तसा मी सरांच्या मागे जायला लागलो. आधी राजस्थानच्या फेऱ्यांत डोळे उघडे ठेवायला शिकलो. जैसलमेरजवळच्या हाबूर गावचा दगड आमच्या धंद्यात ओळखीचा आहे. पिवळसर-तपकिरी, शंख-शिंपल्यांनी खच्चून भरलेला. तिथले लोक सांगतात की ह्या दगडाच्या भांड्यात दूध ठेवलं की विरजण न लावता दही लागतं. दुकानदार वाटी दाखवतो, गिऱ्हाईक वाटी घेतं. पण तोच दगड सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ आहे आणि त्यात अॅमोनाइट आहेत, हे सांगणारा दुकानदार मला तरी भेटला नाही. दही विकलं जातं, समुद्र विकला जात नाही.

खरी शाळा मात्र घराजवळच निघाली. इंदूरहून धारमार्गे खाली निमाडात उतरलं की मनावर आणि बाघ हे पट्टे लागतात. बाघच्या लेण्यांना लोक चित्रांसाठी जातात. ती लेणी ज्या वालुकाश्मात कोरली आहेत त्याच्यावरचे चुनखडीचे थर हा आमचा विषय. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून पार आतपर्यंत घुसला होता. त्याच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे हे 'बाघ बेड्स'. मनावरच्या आसपास झिराबाद, सीतापुरी, चिराखान, देवला ह्या गावांच्या शिवारात गाठीगाठींचा फिकट चुनखडक उघडा पडलेला आहे. शेतकऱ्यांनी त्याच्याच बांध-ताली रचल्या आहेत. माळव्याच्या काळ्या दगडावर वाढलेल्या माणसाला तो पांढरट दगड बघून आपण दुसऱ्या मुलखात आलो असं वाटतं.

पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा सर एका बांधाशी थांबले आणि मला म्हणाले, "शोध." मी चांगला अर्धा तास बघत राहिलो. नुसते गोटे. मग ऊन कललं, सावल्या लांबल्या, आणि एका गोट्याच्या कडेला एक पसरट चकतीची धार दिसली. मधे खोलगट नाभी, बाहेरची कड चपटी. तो प्लासेन्टिसेरास नावाचा अॅमोनाइट. पृष्ठभाग झिजला होता तिथे पडद्यांच्या कडांची नक्षी उघडी पडली होती, अगदी बारीक फांद्याफांद्यांची, कोणी सुईनं कोरावी तशी. मी टेप लावली. तुटक्या कडेपर्यंत १० इंच. डावीकडच्या रकान्यात लिहिलं. उजवीकडे काय लिहू विचारलं तर सर म्हणाले, पुढचा कप्पा किती गेलाय ते ठरवल्याशिवाय रकाना रिकामा ठेव. रिकामा रकाना ठेवता येणं हे मला त्यांच्याकडून मिळालेलं दुसरं शिक्षण. धंद्यात रिकामा रकाना म्हणजे बुडालेले पैसे, इथे मात्र तो प्रामाणिकपणा होता. तो नग आम्ही जागेवरच ठेवला.

ह्या थरांवर कामं कोणी केली ते सर चालता चालता सांगत. प्रमथनाथ बोस ह्यांचा खालच्या नर्मदा खोऱ्याच्या भूगर्भावरचा मोठा अहवाल १८८४चा. हेच बोस पुढे मयूरभंजचं लोखंड जमशेटजी टाटांच्या नजरेस आणून देणारे. मग १९०७मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या व्रेडेनबर्गनं बाघच्या अॅमोनाइटांना नावं दिली. बाघ तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात, त्यामुळे एका जातीच्या नावात शिंदे आले, दुसऱ्या एकीच्या नावात व्हाइसरॉय मिंटो. त्यानंतर ह्या पट्ट्यात दीर्घकाळ काम केलं ते प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर ह्यांनी. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाघचे अॅमोनाइट, समुद्री साळू, शिंपले एकेक करून नोंदवले. निमाडच्या बांधातला गोटा पुण्याच्या कपाटात चिठ्ठी लावून बसला, ही गोष्ट मला माझ्या घराण्यातली वाटायची. आम्हीही पुण्याकडून इकडे आलेलेच.

पुढे यादवपूर विद्यापीठाचे गंगोपाध्याय आणि बर्धन ह्यांनी शेकडो नग पुन्हा मोजले आणि म्हणाले की ही एवढी निरनिराळी नावं लागत नाहीत. काही नग मोठे नि गुळगुळीत, काही लहान नि गाठीदार, पण आतली वाढ एकच. मोठी ती मादी, लहान तो नर, आणि बाकीचे फरक माणसामाणसांत असतात तसे. जात एकच, प्लासेन्टिसेरास काफ्रारियम, जी दक्षिण आफ्रिकेत आणि मादागास्करलाही सापडते. त्यांच्या २००२च्या लेखाच्या मथळ्यातच ह्या अॅमोनाइटाला मोजपट्टी म्हटलंय. तिन्ही किनाऱ्यांवर एकच जात नांदत असेल तर तेव्हा भारत तिथून फार लांब सरकलेला नसणार, असा तो हिशोब. हे ऐकून मी हसलोच. आम्ही त्याला टेप लावत होतो, आणि हे लोक त्याचीच टेप करून अख्खा देश मोजत होते.

ह्याच धार जिल्ह्यातली डायनासोरची अंडी पुष्कळांना ऐकून माहीत असतील. २०२३च्या जानेवारीत खालच्या नर्मदा खोऱ्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या शेवटी पाडल्या गावची बातमी आली. तिथले लोक शेतात निघालेले गोल दगड 'काकर भैरव' म्हणून पिढ्यानपिढ्या पूजत होते, ती टायटॅनोसॉरची अंडी निघाली. बातमी वाचून लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. हा दगड इतर दगडांसारखा नाही, एवढं त्या शेतकऱ्यांनी ओळखलं होतं. मी तर दगडातच धंदा करून तेही ओळखलं नव्हतं.

आता राक्षसांबद्दल. बाघचे अॅमोनाइट देखणे, पण आकारानं आटोपशीर. जगातला सगळ्यांत मोठा अॅमोनाइट जर्मनीतल्या सेपेनराडे गावच्या दगडाच्या खाणीत १८९५ साली निघाला. खाणवाल्यांना निघाला, ह्याचा मला धंदेवाईक अभिमान वाटतो. म्युन्स्टरच्या संग्रहालयात तो आहे. व्यास १ मीटर ७४ सेंटिमीटर. म्हणजे उभा केला तर माझ्या डोक्यावरून जाईल. पण हे माप अपुऱ्या नगाचं. जनावर राहायचा तो कप्पा बराचसा गेलेला आहे. तो धरून लांडोआ ह्या प्राध्यापकानं तेव्हाच अडीच मीटरच्या वरचा अंदाज काढला. नंतरचे अंदाज कमीजास्त झाले. पण पावणेदोन मीटर हे कोणी हलवू शकत नाही, ते डाव्या रकान्यातलं आहे.

सरळ शंखवाल्यांचं प्रकरण ह्याहून बोधप्रद आहे. ४५ कोटी वर्षांमागच्या समुद्रात एन्डोसेरास, कॅमेरोसेरास अशी नावं असलेली लांबच लांब सरळ शंखाची जनावरं होती. हार्वर्डच्या संग्रहालयात एकाचा ३ मीटरचा तुकडा आहे. निमुळतेपणावरून त्याचा पूर्ण शंख पावणेसहा मीटरच्या आसपास धरला गेला. मग ९ मीटरचा, म्हणजे ३० फुटांचा आकडा कुठून आला? तशा एका नगाची गोष्ट सांगितली जाते, पण तो नग कुठल्या संग्रहालयात बघायला मिळत नाही. पुस्तकांत, पोस्टरांवर मात्र ३० फूट बसले ते बसलेच. हे वाचल्यावर मी माझ्या वहीत सरांच्या दोन रकान्यांना तिसरा जोडला: 'ऐकलेलं'. सरांना तो आवडला. म्हणाले, आमच्या शास्त्रातही हा रकाना हवा होता.

तिसऱ्या रकान्याच्याही पलीकडचं एक प्रकरण आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यात इक्थिओसॉर नावाच्या प्रचंड जलचरांचे सांगाडे सापडतात. २०११मध्ये एका शास्त्रज्ञानं म्हटलं की त्यांच्या मणक्यांची मांडणी पाहता एखाद्या अवाढव्य ऑक्टोपससारख्या प्राण्यानं त्यांना ओढून आणून तशी रचली असावी. खुद्द त्या प्राण्याचा एक तुकडाही नव्हता. वर्तमानपत्रांना भलताच रस आला, बाकीच्या शास्त्रज्ञांनी नकारार्थी माना हलवल्या. मी कुठल्या रकान्यात लिहू विचारलं तर सर म्हणाले, पान उलट.

आणि तरीही मऊ अंगाचे राक्षस नव्हतेच असं नाही, हीच ह्यातली मेख. माकुळाच्या अंगात कठीण असतं ते चोच आणि पाठीतलं पातळ पातं. बाकी सगळं सडून जातं. जपानच्या होक्काइदो बेटावर हाबोरोजवळ सापडलेल्या नुसत्या जबड्यावरून २०१५मध्ये एका प्रचंड माकुळसदृश प्राण्याचं वर्णन झालं. त्याला नाव दिलं समुद्रदेव पोसायडनचं. अंग कोणी पाहिलेलं नाही. आजच्या जिवंत राक्षसांची तरी काय तऱ्हा? न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या ते पापा संग्रहालयात २००७ साली अंटार्क्टिकच्या समुद्रात पकडलेला कलोसल स्क्विड आहे, वजन ४९५ किलो. त्याहून मोठ्या चोची देवमाशांच्या पोटात मिळाल्या आहेत, म्हणजे त्याहून मोठे स्क्विड आहेत. पण वजनकाट्यावर चढलेला हाच. जायंट स्क्विडच्या लांबीचे जुने भरमसाट आकडे अशाच मापांचे, कारण त्याचे दोन लांब हात मेल्यावर ताणले जातात. टेप हाताच्या टोकाला धरली की जनावर वाढतं. म्हणून शास्त्रज्ञ नुसत्या धडाची लांबी घेतात. आमच्या धंद्यात ह्यालाच साइटवरचं माप आणि बिलावरचं माप म्हणतात.

ह्या सगळ्याची परीक्षा एकदा धंद्यातच झाली. इंदूरबाहेर एक हॉटेल बांधलं जात होतं. स्वागतकक्षाच्या टेबलासाठी मोरोक्कोची स्लॅब माझ्याकडून गेली. मालकांना तिच्याशेजारी पितळी पाटी हवी होती: ६० फुटी समुद्री राक्षस. त्यांनी मजकूरही लिहून आणला होता. मी टेप लावून दाखवली. शंख २२ इंच. पुढचा कप्पा धरून फार तर हातभर वाढेल. पाटीवर एवढं लिहा, तेही सांगण्यासारखं आहे, म्हटलं, कारण हा डायनासोरांच्या कितीतरी आधीचा आहे. मालक म्हणाले, "भिया, २२ इंच पढ़ने कौन आएगा?" त्यांनी बाकीची ऑर्डर दुसरीकडे दिली. पाटी दुसऱ्या कोणी तरी करून दिली असेल. माझं नुकसान झालं ते झालंच, त्याला गोड शेवट नाही. पण ह्यानंतर माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक अशा स्लॅबबरोबर मी मापाची चिठ्ठी द्यायला लागलो. काही स्लॅबमध्ये शंखांचे तुकडे राळेनं चिकटवून एकाचे दोन केलेले असतात, काहींत नुसता मसाला भरलेला असतो. तेही चिठ्ठीत लिहायचं. काही गिऱ्हाइकं चिठ्ठी वाचून स्लॅब परत करतात. करू देत.

एक गोष्ट मात्र रकान्यात मांडायची नसते, हेही शिकलो. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास शेजारच्या एक काकू शाळिग्राम घेऊन आल्या. सासूबाईंकडून आलेला, गंडकीचा. कोणी तरी त्यांच्या मनात भरवलं होतं की हल्ली बाजारात कोरलेले खोटे शाळिग्राम येतात. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे कटर आहे, मधोमध कापून सांगा खरा की खोटा." नेपाळच्या काली गंडकीतले शाळिग्राम म्हणजे बहुधा सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या अॅमोनाइटांचे काळे गोटे. आत जे चक्र दिसतं ते शंखाच्या वेटोळ्याचा ठसा. मी भिंग लावलं. एका बाजूला गोटा नैसर्गिक फुटला होता, तिथे वेटोळ्यावरच्या बरगड्या मुळापासून कडेकडे वाढत गेलेल्या दिसत होत्या, कोरणाऱ्याची पटाशी अशी चालत नाही. म्हटलं, "काकू, खरा आहे. कापायला लावू नका." त्यांनी माप विचारलं नाही. त्यांनी तो पदरात घेतला आणि निघाल्या. गेल्या तीस-चाळीस वर्षांत 'किती मोठा' असं न विचारणारे फार थोडे, त्यांतल्या त्या एक.

सर आता नाहीत. त्यांच्या घराच्या जागी इमारत आहे. तिच्या जिन्याला कोटाच लावला, त्यांना तो आवडायचा. अधूनमधून कॉलेजची मुलं मला गाठतात, मनावरला घेऊन चला म्हणतात. मी दोन अटी घालतो. नग उचलून आणायचा नाही, आणि टेप व वही जवळ हवी. पहिल्या दिवशी प्रत्येकाला राक्षस हवा असतो. दुपारपर्यंत बहुतेक जण कंटाळतात. एखादी मुलगी मात्र तीन इंची तुकड्यापाशी बसून पडद्यांमधलं अंतर मोजत राहते, ते कुठे दाट होतंय ते बघते. पोक्तपणाकडे वाढ मंदावली की शेवटचे पडदे जवळ जवळ येतात. म्हणजे तीन इंचांत जनावर पोर होतं की पोक्त, हे तिनं काढलेलं असतं. ती मग मला आकार विचारत नाही, वय सांगते.

परतताना घाट चढून आलं की पुन्हा काळा दगड लागतो. तो लाव्हा वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे. त्याच सुमाराला मेक्सिकोत अशनी आदळला, आणि त्या उलथापालथीत जगातले सगळे अॅमोनाइट संपले. मागे राहिले शंखवाले नॉटिलस आणि ही बिनशंखाची माकुळं. एवढी गोष्ट आमच्या दोन जिल्ह्यांच्या दगडांत, खाली पांढरा नि वर काळा अशी, थरावर थर रचून ठेवलेली आहे. धार रोडवरून जाणाऱ्या कुठल्याही माणसाला ती मोजून दाखवता येते. ह्यात पदरचं घालण्याची गरज कधीच नव्हती.